दुचाकीच्या व्हॉल्व्हकामाची हत्यारं : बोहरी आळीतून काय आणावं, काय तिथेच राहू द्यावं

पुण्याच्या बोहरी आळीत जाऊन ‘टू-व्हीलरच्या व्हॉल्व्हचं काम करायचंय, हत्यारं दाखवा’ म्हटलं की काउंटरवर बहुतेक एकच पेटी येते. आत एक सी-क्लॅम्प, त्याच्या पाच-सहा वाट्या, टोकाला रबरी चकती असलेल्या दोन लाकडी काठ्या, दोन तोंडांची घासकामाच्या पेस्टची डबी आणि फट मोजायच्या पातळ पानांचं एक फिलर गेज. पेटी भरगच्च दिसते आणि भावही परवडतो. अडचण एवढीच की ती मोटारीच्या हेडसाठी, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या भागासाठी, बांधलेली असते. स्प्लेंडर, पल्सर किंवा एफझेडच्या हेडवर त्यातलं निम्मं सामान बसतच नाही, आणि जे बसल्यासारखं वाटतं ते जास्त नुकसान करतं. म्हणून अख्खी पेटी घेण्यापेक्षा एकेक हत्यार सुटं पाहून घेतलेलं बरं.

सगळ्यात जास्त बिघाड सी-क्लॅम्पने होतो. एक टोक व्हॉल्व्हच्या तोंडावर, दुसरं स्प्रिंगच्या टोपीवर, स्क्रू आवळला की स्प्रिंग दबते आणि व्हॉल्व्हच्या दांड्याच्या खाचेतले दोन अर्धे कॉटर, म्हणजे टोपीला दांड्यावर अडकवणाऱ्या पाचरी, मोकळे होतात. एवढंच काम. पण पेटीतली वाटी मोटारीच्या टोपीच्या मापाची असते. दुचाकीची टोपी त्याहून बरीच लहान, आणि चार व्हॉल्व्हच्या इंजिनात आणखी लहान. मोठी वाटी टोपीऐवजी हेडच्या भिंतीवर टेकते किंवा एका अंगाने घसरते. टोपी तिरकी दबली की एक कॉटर सुटतो, दुसरा अडकतो आणि दांडा गाईडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीतून सरकतो तिच्यात, आडवा रेटला जातो. साडेपाच मिमीचा दांडा वाकायला फार ताकद लागत नाही, आणि वाकलेला व्हॉल्व्ह डोळ्यांना दिसतही नाही. नंतर कितीही घासला तरी सीटवर, म्हणजे हेडमध्ये तो टेकतो त्या कड्यावर, गोल खूण उमटत नाही तेव्हा कळतं.

दुकानात क्लॅम्प हातात घेऊन स्क्रू पूर्ण आत आणा आणि दोन्ही टोकं एका रेषेत भेटतात का ते पाहा. मिलिमीटर-दीड मिलिमीटरपेक्षा जास्त चुकत असतील तर तो क्लॅम्प परत ठेवा. मग स्क्रूचं टोक हाताने हलवून बघा. आट्यांत खेळ असेल तर स्प्रिंगचा दाब आला की वाटी हमखास तिरकी होते. वाटीची खिडकी चिमटा आत जाऊन फिरेल एवढी रुंद हवी. यापेक्षा खात्रीचा उपाय म्हणजे आपल्या गाडीची एक जुनी टोपी आणि कॉटरची जोडी खिशात टाकून नेणं. कुठल्याही गॅरेजच्या भंगारात ती मिळते, आणि काउंटरवरच वाटी लावून बघता येते.

वाटी मापाची मिळाली नाही तर तशाच क्लॅम्पशी झटत बसू नका. भोसरीत किंवा शहरातल्या कुठल्याही लहान लेथवाल्याकडून पाइपचा तुकडा करून घ्या : बाहेरचा व्यास टोपीपेक्षा १ मिमी कमी, भिंत २ मिमी, उंची साधारण ४० मिमी, खालच्या बाजूला समोरासमोर दोन खिडक्या, आणि सगळ्या कडा फाइलने मोडलेल्या. हा तुकडा चांगल्या जी-क्लॅम्पखाली धरला की पेटीतल्या वाट्यांपेक्षा सरळ दाब देतो. पुण्यातल्या जुन्या मेकॅनिकांच्या ट्रेमध्ये असे दोन-तीन तुकडे पडलेले असतातच, आणि ते उगाच नसतात.

बकेट टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हवर उलटी वाटी बसणाऱ्या, हेडमध्ये जास्त जपावं लागतं. तिथे स्प्रिंग एका खोल, गुळगुळीत भोकात बसलेली असते आणि त्याच भिंतीवर बकेट वरखाली सरकते. वाटीच्या कडेचा एक ओरखडा त्या भिंतीला गेला की बकेट अडकते, आणि ॲल्युमिनियमची ती भिंत दुरुस्त होत नाही. हेड बदलावं लागतं. वाटी आत घालण्यापूर्वी प्लॅस्टिकच्या बाटलीचा पत्रा कापून, गुंडाळून भोकात अस्तरासारखा बसवा. फुकटचा उपाय आहे, तरी गॅरेजमध्ये क्वचितच दिसतो.

आता आवळण्याची पद्धत. हेड लाकडावर ठेवा. क्लॅम्प लावण्यापूर्वी टोपीवर मापाची गोटी (सॉकेट) ठेवून प्लॅस्टिकच्या हातोडीने एक ठोका द्या. वर्षानुवर्षं चिकटलेले कॉटर त्याने सैल होतात. मग क्लॅम्प लावून कॉटर सुटतील इतकंच दाबा. स्क्रू आवळूनही कॉटर हलत नसतील तर आणखी आवळू नका, क्लॅम्पच्या डोक्यावर हलका ठोका द्या. आवळत राहिलात तर क्लॅम्पची कमान ताणते आणि एका क्षणी सगळं उडतं. चष्मा लावा, हे सांगायला लागू नये. कॉटर निघाले की व्हॉल्व्ह लगेच बाहेर ढकलू नका. दांड्याच्या खाचेपाशी बोट फिरवा. तिथे धार उठलेली असेल तर बारीक दगडाने ती काढा, नाहीतर बाहेर येताना ती गाईडला आतून खरवडते. प्रत्येक व्हॉल्व्ह ज्या सीटमधून निघाला त्याच सीटमध्ये परत जायला हवा. पुठ्ठ्याला भोकं पाडून खुणा करा.

ठोका मारून कॉटर काढायचं आणखी एक दांड्यासारखं हत्यार मिळतं, आत चुंबक असलेलं. एका मऊ स्प्रिंगच्या छोट्या हेडवर ते झटपट चालतं, पण व्हॉल्व्हच्या तोंडाखाली लाकडाचा गुटका हवा. डबल स्प्रिंगवर त्याचा उपयोग नाही. बसवताना तर क्लॅम्पच लागतो, म्हणून पैसे मोजके असतील तर हे सोडा.

ऑइल सीलचा, म्हणजे गाईडच्या डोक्यावरच्या तेल अडवणाऱ्या रबरी टोपीचा, चिमटा मात्र घ्या. साधी नोज प्लायर वापरली की पकड सीलवर न बसता गाईडच्या वरच्या कडेवर बसते, आणि पातळ गाईड चेपला की व्हॉल्व्ह तिथे अडखळतो. सील चिमट्याची नखं आत वळलेली असतात; ती सीलच्या खालच्या कडेला धरतात. नवीन सील बसवायला वेगळं हत्यार लागत नाही, सीलच्या बाहेरच्या कडेवर बसणारी खोल गोटी हाताने दाबली की काम होतं. दांड्याच्या खाचेची धार सीलच्या ओठाला कापू नये म्हणून खाचेवर पातळ प्लॅस्टिकची टोपी किंवा टेपचा एक वेढा आणि दोन थेंब इंजिन ऑइल. इंजिन नव्याने बांधूनही सकाळी निळा धूर येतो तेव्हा बहुतेक वेळा हाच ओठ फाटलेला असतो.

घासकामाच्या काठीबद्दल मत फारसं चांगलं नाही. लहान व्हॉल्व्हवर रबरी चकती नीट धरत नाही, आणि तेलाचा एक थेंब असला तर अजिबात नाही. व्हॉल्व्हचं तोंड थिनरने कोरडं करा, चकतीला पाण्याचा एक थेंब लावा, मग धरते. तरीही सुटत असेल तर दांड्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून खालून फिरवा, पण हाताने. ड्रिल लावून घासणं हा प्रकार बंद करावा. एकाच दिशेने जोरात फिरवलं की पेस्ट गोल रेघा पाडते, आणि त्या रेघांतूनच गॅस निसटतो. अर्धा वेढा इकडे, अर्धा तिकडे, आठ-दहा फेऱ्यांनी व्हॉल्व्ह उचलायचा, थोडा फिरवून पुन्हा ठेवायचा. पेस्टचे तीन-चार ठिपके पुरतात. जाड पेस्ट खड्डे पडलेल्या सीटलाच, नाहीतर थेट बारीक. सुरुवातीची खरखर मऊ झाली की पेस्टने काम संपवलंय. पुसा आणि बघा.

पाहायचं काय? व्हॉल्व्हच्या तिरक्या काठावर सलग, न तुटलेलं राखाडी कडं, रुंदी साधारण १ मिमी. ते दीड मिमीपेक्षा रुंद झालं असेल तर घासून बरं होणार नाही, उलट आणखी रुंद होईल. रुंद सीटवर दाब विखुरतो आणि कार्बन चिकटतो. नाना पेठेत स्प्लेंडर-पल्सरचे नवे व्हॉल्व्ह इतके स्वस्त मिळतात की खोलगट झालेला जुना घासण्यात अर्थ नाही. कोटिंगचे आणि टायटॅनियमचे व्हॉल्व्ह अजिबात घासायचे नाहीत. वरचा कठीण थर गेला की ते थोड्याच किलोमीटरांत झिजून खोल बसतात. घासून झालं की आधी रॉकेल, मग साबणाचं गरम पाणी, गाईडमधून बारीक ब्रश, आणि शेवटी पांढऱ्या कापडाने पुसून बघा. गाईडमध्ये राहिलेली पेस्ट दांडा खाते, आणि नवा व्हॉल्व्ह पावसाळा संपायच्या आत डुलायला लागतो.

मग हेड बांधून पोर्टमध्ये (हवेच्या-धुराच्या वाटेत) पेट्रोल ओता आणि पाच मिनिटं थांबा. सीटच्या कडेने ओल आली तर पुन्हा उघडा. कॉटर बसवताना त्यांना थोडं ग्रीस लावलं की ते खाचेत चिकटून राहतात. झाल्यावर हेड लाकडाच्या दोन पट्ट्यांवर उचलून प्रत्येक दांड्याच्या टोकाला प्लॅस्टिकच्या हातोडीचा एक ठोका द्या, म्हणजे कॉटर पक्के बसतात. पट्ट्या विसरून हेड टेबलावर सपाट ठेवलं तर व्हॉल्व्हला उघडायला जागाच राहत नाही आणि तो ठोका वाया जातो.

हेड न उघडता होणारं, आणि म्हणून सगळ्यात जास्त लागणारं काम टॅपेटचं, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा तरफेसारखा हात) आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यातली फट लावायचं. इथे पैसा फिलर गेजवर खर्च करा. पेटीतलं गेज ०.०५ पासून सुरू होतं आणि ०.०५ च्याच पायऱ्यांनी चढतं. पल्सर १५० ला इनटेक (आत घेणारा व्हॉल्व्ह) ०.०५ आणि एक्झॉस्ट (बाहेर सोडणारा) ०.१० मिमी, म्हणजे मापाचं पान आहे, पण त्याच्या अलीकडचं-पलीकडचं नाही. टॅपेटची खात्री दोन पानांनी होते : ०.०५ चं जायला हवं, ०.०६ चं अडायला हवं. त्यासाठी ०.०१ च्या पायरीचं गेज लागतं. दोन पातळ पानं एकावर एक ठेवून माप जुळवणं चुकीचं. दोघांची चूक आणि मधला तेलाचा थर मिळून फरक पडतो. खिडकी अरुंद असते म्हणून टोकाला वाकवलेली पानं घ्या. ०.०५ चं पान दुकानातच उजेडात धरून बघा, एखादी घडी पडली असेल तर ते जाड मोजणार.

इंजिन थंड हवं, म्हणजे रात्रभर उभं. होंडा-पद्धतीच्या मॅन्युअलमध्ये ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असं स्पष्ट असतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी पार्किंगमध्ये तापलेली गाडी चालू न करताही ही अट मोडते, तेव्हा हे काम सकाळीच. मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) ‘टी’ची खूण खिडकीत आणा, शेजारची ‘एफ’ नव्हे, ती इग्निशनची. दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात का बघा. हलत नसतील तर क्रँक आणखी एक पूर्ण वेढा फिरवायचा आहे. हे न बघता टॅपेट लावले की एक व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि गाडी किकला धरत नाही.

टॅपेटच्या चावीत स्वस्तात फसायला होतं. बऱ्याच दुचाकींच्या ॲडजस्टर स्क्रूचं डोकं ३ मिमी चौकोनी, काहींचं ४. लॉकनट ८, ९ किंवा १० चा. स्वस्त चावीचं भोक सैल असतं, ती स्क्रूचे कोपरे गोल करते, आणि मग तो स्क्रू पक्कडीनेच फिरवावा लागतो. स्क्रूवर चावी चढवून हलवा, डुलली तर नको. लॉकनटला उघडा पाना नको, रिंग हवी; नाशिकच्या टपारियाचे साधे रिंग पाने या कामाला चांगले पुरतात. नट आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतो आणि फट बदलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजणं हा कामाचाच भाग आहे.

एक खोच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्क्रूच्या टोकाला किंवा दांड्याच्या डोक्यावर खळगा पडला असेल तर फिलरचं सपाट पान त्या खळग्यावर पुलासारखं आडवं बसतं. पान ०.०५ सांगतं, खरी फट त्याहून जास्त असते, आणि टॅपेटचा आवाज काही जात नाही. पुन्हा पुन्हा आवळून आवाज बंद केला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि एक्झॉस्टचा जळतो. अशा वेळी स्क्रू बदला. आवाज येणारा टॅपेट एक वेळ चालेल, आवाजच नसलेला आवळ टॅपेट महागात पडतो.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटला हे सगळं गैरलागू. तिथे उजव्या बाजूचं झाकण उघडून पुशरॉडच्या तळाशी माप धरायचं. पिस्टन वर असताना आणि इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी फिरावा, पण वरखाली खेळू नये. फिलर लागतच नाही, लागतात ते पातळ पाने, कारण नेहमीचा पाना दोन नटांच्या मध्ये मावत नाही. तयार पातळ संच मिळाला नाही तर साधे पाने ग्राइंडरवर बारीक करून घ्या, पाणी देत देत, नाहीतर पोलाद मऊ पडतं. यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेल्या नंतरच्या) इंजिनाच्या बुलेटला फट आपोआप राखणारे हायड्रॉलिक टॅपेट, तिथे हे हत्यार घेऊ नका.

फट स्क्रूऐवजी जाड-पातळ चकत्या (शिम) बदलून लावायच्या शिमवाल्या इंजिनांना, ज्यांत चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० सारखी डबल कॅमची इंजिनं येतात, ०–२५ मिमीचा मायक्रोमीटर हवाच. कॅलिपरवर शिम मोजणारा माणूस दोनदा इंजिन उघडतो. मितुतोयोचा मायक्रोमीटर महाग आहे, पण इथे तो पैसा वसूल होतो. हिशेब साधा : नवी शिम म्हणजे जुनी शिम अधिक मोजलेली फट वजा हवी असलेली फट. जुनी २.४५, मोजलेली फट ०.०८, हवी ०.१३, तर नवी २.४०. शिमवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, घासलेली शिम कमी भरते. काढण्यापूर्वी टायमिंग चेनच्या बोगद्यात स्वच्छ कापड कोंबा. आत पडलेली शिम क्रँककेसपर्यंत जाते. चुंबकाने उचलली असेल तर बसवण्यापूर्वी पुसा, लोखंडाचा चुरा तिला चिकटून येतो.

टॉर्क पाना ५ ते २५ न्यूटन-मीटरचा घ्या. पाव इंची चौकोनाचा. कॅम होल्डरचे एम-६ बोल्ट १० च्या आसपास आवळायचे असतात, आणि मोटारीच्या चाकांसाठीचा अर्धा इंची पाना इतक्या खाली ‘क्लिक’ देतच नाही. तोवर हेडमधले आटे गेलेले असतात. वापरून झाला की सेटिंग खालच्या आकड्यावर आणून ठेवा. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात कॅलिब्रेशन करून देणाऱ्या लॅब आहेत, त्याचा फायदा घ्यावा.

कॉम्प्रेशन गेजपेक्षा लीक-डाउन टेस्टर जास्त उपयोगी. कॉम्प्रेशन गेज फक्त कमी-जास्त सांगतं. लीक-डाउनला सिलिंडरमध्ये हवा भरून कान लावला की जागा कळते : सायलेन्सरमधून फुसफुस तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटर किंवा थ्रॉटल बॉडीतून तर इनटेक, ऑइल भरायच्या भोकातून तर पिस्टनची रिंग. घेताना प्लगचे आटे बघा. स्प्लेंडरला १० मिमी, जुन्या बुलेटला १४, आणि बऱ्याच संचांत १० चा ॲडॅप्टर नसतोच. पिस्टन नेमका वर नसेल तर हवेच्या दाबाने क्रँक फिरतो, तेव्हा मॅग्नेटच्या नटावरचा पाना घट्ट धरून ठेवा आणि गाडी गिअरमध्ये टाकून त्यावर भरवसा ठेवू नका.

सीट कटरचा संच मात्र घेऊ नका, दुकानदार कितीही आग्रह करो. हाताने फिरवायचा कटर गाईडमधल्या पायलटवर, म्हणजे त्यात घातलेल्या मार्गदर्शक दांडीवर, चालतो; गाईड घासलेला असेल तर पायलट डुलतो आणि सीट वाकडी कापली जाते. साध्या पोलादी दातांचे कटर कठीण सीटवर थरथरतात आणि बारीक लाटा उठवतात. शिवाय तीन कोन लागतात : ४५ चा बसण्याचा, ३० किंवा ३२ चा वरून आणि ६० चा आतून. खूण व्हॉल्व्हच्या काठावर फार वर पडली तर वरच्या कोनाने खाली आणायची, फार आत पडली तर ६० ने वर. प्रत्येक कापाने व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसतो, दांडा वर येतो आणि टॅपेटची फट कमी होते; शिमवाल्या इंजिनात एक दिवस सगळ्यात पातळ शिमही जाड पडते. हे काम हेड-स्पेशालिस्ट मशीनवाल्याकडे द्या. गाईड बदलला असेल तर सीट कापून घ्यायलाच हवी, कारण नवा गाईड जुन्याच्या मध्यावर बसत नाही. हेड परत आलं की मार्किंग ब्लू (खूण उमटवणारा निळा रंग) लावून कडं स्वतः तपासा, पैसे त्यानंतर.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी व्हॉल्व्हकामाचं सामान अधूनमधून दिसतं. सी-क्लॅम्पची कमान तिथे नव्यापेक्षा जाड मिळू शकते. वाटी आपली करून घ्यायची असल्याने तेवढं पुरतं. मायक्रोमीटर घेताना तोंड पुसून शून्य बघा, रॅचेट फिरते का ते बघा, आणि माहीत असलेल्या मापाची एक शिम सोबत नेऊन मोजून बघा. फिलर गेज तिथून नको, गंजलेलं पान पातळही होतं आणि खरबरीतही. रीमर (भोक मापाला घासून मोठं करणारं हत्यार) तर नकोच. गाईड रीमर आत जाताना आणि बाहेर येताना एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवायचा असतो. तो आधी कोणी उलटा फिरवलाय की नाही हे धारेकडे नुसतं बघून कळत नाही, कळतं ते पहिला गाईड मोठा झाल्यावर.